गर्भारपण नऊ महिन्यांचं, अनुदान मार्चपर्यंतचं: कुटुंब-आरोग्य संस्थेचा पैसा कसा उभा करायचा, कसा सांभाळायचा

कंपनीचा सीएसआर निधी (कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्चायचा पैसा) जानेवारीत मंजूर होतो, फेब्रुवारीत खात्यात येतो आणि सोबतच्या पत्रात लिहिलेलं असतं की खर्च ३१ मार्चच्या आत दाखवा. इकडे गोवंडीतल्या एखाद्या बाईची नोंदणी फेब्रुवारीत, तिसऱ्या महिन्यात झाली, तर तिचं बाळंतपण ऑगस्टमध्ये येतं. बाळाला गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिन्यांनी, म्हणजे पुढच्या मे महिन्यात. एका बाईमागचं काम तीन आर्थिक वर्षांत पसरलं. देणाऱ्याचं वर्ष आणि बाईचं वर्ष कधीच जुळत नाही, आणि दोन्हींची शिवण घालणं हेच अनुदान सांभाळणाऱ्या माणसाचं खरं काम आहे. ज्या संस्थेत हे काम कुणाकडेच नसतं, तिथे मे महिन्यात आरोग्य कार्यकर्त्यांचे पगार अडकतात आणि जूनमध्ये त्या दुसरी नोकरी धरतात.

म्हणून सुरुवातीलाच एक फरक मनाशी पक्का करा. संस्थेकडे येणारा पैसा दोन जातीचा असतो. पहिला बांधील: अमुक वस्ती, अमुक काम, अमुक तारखेपर्यंत. दुसरा मोकळा: संस्थेच्या उद्देशात बसेल तिथे वापरता येणारा. कंपन्या आणि मोठ्या संस्था बहुतेक बांधील पैसा देतात. मोकळा पैसा माणसं देतात, तोही थोडाथोडा. नवी संस्था सगळी ताकद बांधील पैशामागे लावते आणि दोन हप्त्यांमधल्या रिकाम्या महिन्यांत अडकते.

आधी कागद

पैसे मागायला जाण्यापूर्वी एक फाइल तयार ठेवायची. तिच्यात असतं: न्यास किंवा संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, परिशिष्ट एकचा ताजा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीतली विश्वस्तांची नावं त्यावर असतात), संस्थेचं पॅन, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (दात्याला करवजावट) यांचे आदेश, सीएसआर-१ क्रमांक (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी), दर्पण या सरकारी संस्था-नोंदणी पोर्टलचा क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि आयकर विवरणपत्रं, विश्वस्तांची पॅनसह यादी, रद्द केलेला धनादेश. सगळं स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावात वर्ष घाला. कंपनीचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल करतो आणि सोमवारी सकाळी दहाला कागद मागतो; हे गृहीतच धरायचं.

महाराष्ट्रात १८६०च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदली जाते, त्यामुळे तिचे नोंदणी क्रमांक दोन असतात. अर्जात एकच विचारला असला तरी दोन्ही द्या. मुंबईत हे सगळं काम वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात चालतं. कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी असेल तर कारभार कंपनी निबंधकाकडे.

इथे सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे बदल अर्ज न करणं. एखादे विश्वस्त वारले, कुणी राजीनामा दिला, नवे दोघं आले, की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. छोट्या संस्था ठराव करून गप्प बसतात. पाच वर्षांनी कंपनीचा विधी विभाग परिशिष्ट एकचा उतारा बघतो, तर त्यावर जुनीच नावं, आणि प्रस्तावावर सही भलत्याच माणसाची. प्रकरण तिथेच थांबतं. राहिलेले बदल अर्ज निस्तरायला महिने जातात, त्यामुळे संस्थेत नवे असाल तर पहिल्या आठवड्यात हा उतारा मागून बघा. त्याच वेळी घटनेतले उद्देशही वाचा. उद्देशांत फक्त 'शैक्षणिक व सांस्कृतिक' असेल आणि तुम्ही प्रसूतिपूर्व तपासणीसाठी पैसे मागत असाल, तर समोरचा माणूस कितीही चांगला असला तरी त्याचा हात बांधलेला असतो.

१२ए आणि ८०जीबद्दल एक सूचना. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. तरी दात्यांच्या आणि सीएंच्या तोंडी जुनीच नावं आहेत, म्हणून या लेखातही तीच ठेवली आहेत. प्रत्यक्ष भरताना नवा क्रमांक सीएकडून तपासून घ्या. नोंदणी आता कायमची नसते. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मिळते, मग नियमित. मुदत संपण्याची तारीख कार्यालयातल्या भिंतीवर लावा. ८०जी संपलेली असताना फाडलेली पावती म्हणजे दात्याच्या हातात दिलेला कोरा कागद.

पैसा कुठून येतो

सीएसआरचा कायदा थोडा समजून घ्या, म्हणजे बोलताना चाचपडायला होत नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त असतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. अनुसूची ७ मध्ये पहिल्याच कलमात कुपोषण निर्मूलन आणि प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा आहे, त्यामुळे माता-बाल आरोग्य, रक्तक्षय, लसीकरण, कुटुंबनियोजनाचं समुपदेशन हे सगळं तिथे बसतं. बाहेरच्या संस्थेकडून काम करून घ्यायचं तर त्या संस्थेकडे १२ए, ८०जी, सीएसआर-१ आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. म्हणजे कालपरवा सुरू झालेल्या संस्थेने सीएसआरच्या मागे धावू नये. पहिली तीन वर्षं स्थानिक न्यास, रोटरी-लायन्स क्लब आणि व्यक्ती यांच्यावर काढावीत.

निधी वर्षाच्या शेवटी का येतो, तेही माहीत हवं. न खर्चलेली रक्कम चालू प्रकल्पाची, म्हणजे एका वर्षात न संपणाऱ्या कामाची, असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येते. चालू प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत सरकारी निधीत जमा करावी लागते. आपल्याला हवं ते दार यातच आहे. गर्भारपणाचं काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. कंपनीच्या संचालक मंडळाला तसा ठराव करता येतो. कारण देऊन मुदत नंतरही वाढवता येते, पण मंजुरीच्या वेळीच करून घेतलेलं बरं. फेब्रुवारीत पैसे आल्यावर मार्चमध्ये आठवण केली तर ते अवघड जातं. प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच लिहा: कालावधी १८ महिने, कारण नोंदणीपासून बाळाच्या नऊ महिन्यांच्या लसीपर्यंतचा काळ एका आर्थिक वर्षात मावत नाही.

फोर्ट, काळबादेवी, झवेरी बाजार या पट्ट्यात जुने कौटुंबिक न्यास आहेत. संकेतस्थळ नाही, जाहिरात नाही, आणि अर्ज आजही कागदावर, कधी थेट पेढीवर द्यायचा. त्यातले बरेच एकेका रुग्णाला मदत करतात, संस्थेला कमी. तरी पंचवीस-पन्नास हजारांची रक्कम, एखादं उपकरण, वर्षभराची औषधं यासाठी ते उत्तम. पत्र एका पानाचं, मराठीत किंवा गुजरातीत, मागणीची रक्कम पहिल्या परिच्छेदात. सादरीकरण घेऊन जाऊ नका.

परदेशी पैशाला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी लागते. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत उद्देशांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. नोंदणी नसताना परदेशी स्रोताकडून आलेले पाच हजार रुपयेसुद्धा गुन्हा ठरतात. सगळ्यांची गफलत होते ती नातेवाइकांवर. दुबईतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर तो परदेशी स्रोत नाही. न्यू जर्सीतली ओसीआय कार्डवाली (म्हणजे परदेशी नागरिक झालेली) आत्या मात्र परदेशी स्रोत आहे, मग ती मूळची गिरगावची का असेना. देणगीच्या ऑनलाइन पानावर परदेशी कार्डं बंद ठेवा आणि अनिवासी दात्याकडून पासपोर्टची प्रत आधी घ्या.

एकच धोक्याची सूचना वस्तुरूपातल्या देणगीबद्दल. 'आम्ही तुम्हाला सोनोग्राफी मशिन देतो' असं कुणी प्रेमाने म्हणालं, तर लगेच होकार देऊ नका. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली (१९९४) केंद्राची नोंदणी असल्याशिवाय मशिन विकत घेता येत नाही, देता येत नाही, ठेवताही येत नाही. पात्र डॉक्टर, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म, दरमहा अहवाल हे सगळं मागोमाग येतं. त्याऐवजी रक्तदाब यंत्र, बाळांचा वजनकाटा, डिजिटल हिमोग्लोबिनमापक मागा, आणि त्यासोबत दोन वर्षांच्या तपासणीच्या पट्ट्या व कॅलिब्रेशनचा खर्चही. यंत्र एकदाच येतं, पट्ट्या दर महिन्याला लागतात.

प्रस्ताव

प्रस्तावाचं पहिलं पान भरायला देशभराची आकडेवारी ओतू नका. महापालिकेच्या एम-पूर्व विभागात (गोवंडीचा भाग) काम असेल तर त्या विभागाच्या हेल्थ पोस्टचा (महापालिकेचं वस्तीपातळीवरचं आरोग्य केंद्र), शेजारच्या प्रसूतिगृहाचा आणि अंगणवाडीचा आकडा हवा. त्यासाठी महापालिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचं परवानगीपत्र आणि विभागाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याशी चांगले संबंध लागतात. हे पत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून ते अनुदानाच्या आधी मागावं. शिवाय शंभर घरांची स्वतःची पाहणी करा: किती गरोदर बाया, कितव्या महिन्यात नाव घातलं, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं, दोन मुलांत अंतर किती, माता-बाल कार्ड घरात आहे का. दोन कार्यकर्त्या पाच-सहा दिवसांत हे करतात. प्रस्तावातलं याहून वजनदार पान दुसरं नसतं.

मग निर्देशक. नवखी माणसं इथे दोन टोकं गाठतात. एक, 'दहा हजार लाभार्थी', म्हणजे पत्रकं किती वाटली ते. दुसरं, 'मातामृत्यू निम्मे करू', जे चार हजार घरांच्या वस्तीत मोजताच येत नाही, कारण संख्या इतकी लहान असते की एका घटनेने टक्केवारी उलटीपालटी होते. मधली जागा धरा: गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाव घातलेल्या बायांचं प्रमाण, चार प्रसूतिपूर्व तपासण्या पूर्ण झालेल्यांचं प्रमाण, हिमोग्लोबिन ७ च्या खाली आढळलेल्या बायांपैकी किती जणी रुग्णालयात पोचल्या, प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये किती जणींच्या खात्यात प्रत्यक्ष पडले. शेवटचा आकडा कंपन्यांना फार आवडतो, कारण तो रुपयांत आहे, आणि बाईलाही तोच सगळ्यात आधी कळतो.

मुंबईत एक गोष्ट प्रत्येक वेळी निर्देशक बिघडवते: पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात बाई जालन्याला, आझमगढला, कलबुर्गीला निघून जाते आणि रजिस्टरमध्ये 'संपर्क नाही' अशी नोंद राहते. अहवालात दवाखान्यातल्या बाळंतपणाचं प्रमाण धाडकन पडलेलं दिसतं. म्हणून नोंदणीच्या दिवशीच दोन फोन नंबर घ्या, एक नवऱ्याचा आणि एक माहेरचा, आणि प्रस्तावातच लिहा की स्थलांतरित बायांची माहिती फोनवर घेतली जाईल आणि टक्केवारी काढताना ती वेगळी दाखवली जाईल. आधी लिहिलं तर ती पद्धत ठरते, नंतर लिहिलं तर सबब वाटते.

कुटुंबनियोजनाबाबत देणाऱ्याला कधीही शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट लिहून देऊ नका. देशाच्या कार्यक्रमातून लक्ष्यं १९९६ मध्ये काढली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. समुपदेशन किती जोडप्यांचं झालं, निवडलेली पद्धत वर्षभर किती जणींनी चालू ठेवली, बंद केली असेल तर का, हे मोजा. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हापासून या शहरात हे काम विश्वासावर चाललंय. उद्दिष्टाचा वास आला की बाया दार लावून घेतात.

अंदाजपत्रक

प्रस्ताव वाचणारा माणूस आधी अंदाजपत्रक उघडतो. म्हणून तेही आधीच करा, मजकूर नंतर लिहा.

नमुन्यादाखल चार हजार कुटुंबांच्या वस्तीचं एका वर्षाचं गणित मांडू. चार आरोग्य कार्यकर्त्या, दरमहा १६,००० रुपये: वर्षाला ७,६८,०००. एक पर्यवेक्षक, २८,०००: ३,३६,०००. एक एएनएम (प्रशिक्षित परिचारिका), २४,०००: २,८८,०००. पगार झाले १३,९२,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ६७,०००. वस्तीतली खोली, १२,००० भाड्याने: १,४४,०००. सहा जणांचा प्रवास व मोबाइल, प्रत्येकी १,५००: १,०८,०००. महिन्याला दोन याप्रमाणे २४ शिबिरं, प्रत्येकी ६,०००: १,४४,०००. तपासणीच्या पट्ट्या, किट, हातमोजे, जैववैद्यकीय कचऱ्याची फी: १,००,०००. प्रशिक्षण आणि छपाई ६०,०००. पाहणी आणि माहितीची नोंद ५०,०००. बेरीज २०,६५,०००. त्यावर संस्थेच्या सामाईक खर्चाचा वाटा १० टक्के, २,०६,५००. एकूण २२,७१,५०० रुपये. कुटुंबामागे वर्षाला ५६८ रुपये. हे भाव तुमच्या भागाप्रमाणे बदलतील. मांडणी बदलू नका.

आता यात काय चुकतं ते बघा. खोलीचं डिपॉझिट खर्च नसतं, ते परत येतं. कंपनी ते नाकारते आणि आपण ते आयत्या वेळी मोकळ्या पैशातून काढतो. खोली घेताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा, नाहीतर लेखापरीक्षक भाड्यावर शेरा मारतो. वस्तीत खोलीवाल्याकडे स्वतःचेच कागद नसतात, त्यामुळे आधीपासून दोन-तीन पर्याय शोधून ठेवा. ईएसआय (कामगार राज्य विमा) दहा माणसांवर लागू होतं, भविष्य निर्वाह निधी वीसवर. संस्थेत एकूण माणसं किती त्यावर ते ठरतं, प्रकल्पात किती त्यावर नाही. ग्रॅच्युइटी बहुतेक संस्था विसरतात, आणि पाच वर्षं राबलेली कार्यकर्ती जाताना द्यायला पैसे नसतात. पगारवाढ दुसऱ्या वर्षात घाला, किमान ७-८ टक्के. आणि पावसाळा: जून ते सप्टेंबर वस्तीत मंडप टिकत नाही, शिबिरं समाजमंदिरात किंवा शाळेत घ्यावी लागतात, तिथे भाडं वाढतं.

'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, कायदा आहे' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकायला मिळेल. कायद्यातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावरचा थेट खर्च त्यात मोडत नाही, आणि राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती मर्यादा लागत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१च्या परिपत्रकात सांगितलंय. ते परिपत्रक छापून सोबत ठेवा. तरीही समोरच्याचं धोरण ५ टक्क्यांचं असेल तर वाद घालत बसू नका. हिशेबनिसाच्या पगारातला वाटा 'आर्थिक देखरेख' म्हणून आणि संचालकाच्या वेळेतला वाटा 'प्रकल्प मार्गदर्शन' म्हणून थेट खर्चात मांडा. यात लपवाछपवी नाही, कारण ते काम खरोखरच त्या प्रकल्पाचं असतं. फक्त वेळेची नोंद ठेवा: दर महिन्याला कोणी कोणत्या प्रकल्पावर किती दिवस दिले, सहीनिशी.

करार आणि हप्ते

मंजुरीनंतर एमओयू (करारपत्र) येतो, मुद्रांकावर. तो कंपनीच्या वकिलाने लिहिलेला असतो आणि नव्वद टक्के मजकूर कुठल्याही ठेकेदारालाही चालेल असा असतो. तुम्ही चार जागा वाचा. हप्ते कधी आणि कशावर. अंदाजपत्रकातल्या एका शीर्षकातून दुसऱ्यात किती टक्के रक्कम परवानगीशिवाय हलवता येते. १० टक्के मागून घ्या. उरलेल्या पैशाचं आणि व्याजाचं काय. आणि बायांची माहिती कुणाला द्यायची. शेवटच्या मुद्द्यावर ठाम राहा: नाव, आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदणीचा), गर्भपाताची किंवा कुटुंबनियोजनाची नोंद कंपनीकडे जाणार नाही, फक्त एकत्रित आकडे जातील. गर्भपाताची गोपनीयता तर कायद्यानेच बांधलेली आहे.

हप्ते ५०-३०-२० असे असले आणि शेवटचे २० टक्के अंतिम अहवालानंतर मिळणार असले, तर शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे पगार तुम्ही आधी भरणार, हे उघड आहे. वरच्या नमुन्यात महिन्याचे पगार १,१६,००० होतात. तीन महिन्यांचे ३,४८,०००. एवढा मोकळा पैसा बँकेत नसेल तर करारावर सही करण्याआधी ६०-३०-१० मागा. मागितलं तर पुष्कळदा मिळतं, कारण समोरच्याला मार्चआधी जास्त रक्कम द्यायचीच असते.

दर महिन्याचं काम

टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक अनुदानाला वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा. एफसीआरएला वेगळं बँक खातं, वेगळी पुस्तकं, तिथे तडजोड नाही. बाकीच्यांना एक खातं चालतं, पण व्हाउचरवर प्रकल्पाचा शिक्का हवाच.

एक व्हाउचर जवळून बघू. १४ जून, शिबिराचा चहा-नाश्ता, ६४० रुपये. टपरीवाल्याकडे छापील बिल नसतं, म्हणून साध्या कागदावर त्याचं नाव, मोबाइल, माल, रक्कम आणि सही. मागे उपस्थितांच्या यादीची प्रत: ४१ बाया, सहा कर्मचारी. व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव, अंदाजपत्रकातलं शीर्षक, पैसे घेणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची सही, तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या. आणि 'मूळ प्रत अमुक अनुदानात खर्ची' असा शिक्का. हा शिक्का नसला की तेच बिल नकळत दुसऱ्या देणाऱ्याच्या हिशेबातही जातं. हेतू कितीही स्वच्छ असला तरी लेखापरीक्षकाच्या भाषेत त्याला दुहेरी दावा म्हणतात, आणि संस्थेचं नाव एकदा त्यात आलं की मुंबईतल्या सीएसआरवाल्यांच्या छोट्या वर्तुळात ते पसरायला आठवडासुद्धा लागत नाही. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रसीद तिकीट. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला एक कागद तयार हवा: प्रत्येक शीर्षकात मंजूर किती, झाला किती, उरला किती, महिने उरले किती. शिबिरांवर निम्मा काळ उलटूनही एक चतुर्थांशच खर्च झाला असेल, तर लगेच पत्र लिहून रक्कम हलवायची परवानगी घ्या. ऑक्टोबरमधल्या पत्राला होकार येतो. मार्चमधल्या पत्राला 'परत पाठवा' असं उत्तर येतं.

अहवालासाठी फोटो काढताना लेखी संमती, मराठी किंवा हिंदीत, बाईला वाचून दाखवून. माता-बाल कार्डाचा नंबर दिसेल असा फोटो नको, आणि कुटुंबनियोजनाच्या समुपदेशनाचा फोटो तर कुठलाच नको. पाठमोरी रांग, हात, वजनकाट्यावरचं बाळ, एवढं पुरतं.

मोकळा पैसा

इथे कंटाळा करू नका. दरमहा ५०० रुपये देणारी शंभर माणसं म्हणजे वर्षाला सहा लाख. वर मोजलेले तीन महिन्यांचे पगार त्यातून निघतात आणि वर काही उरतंही. यूपीआय ऑटोपे किंवा बँक मँडेटवर घ्या. दर महिन्याला आठवण करून देणं कुणालाच जमत नाही. विचारायचं कुणाला? संस्थेच्या डॉक्टरांना, जुन्या स्वयंसेवकांना, सोसायटीतल्या निवृत्त मंडळींना. २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव आणि जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन हे दोन मोसम. मॅरेथॉनमधलं निधीसंकलन युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं आणि संस्थेची नोंदणी बरीच आधी करावी लागते. धावणाऱ्याच्या ओळखीचे लोक पैसे देतात, आपल्याला ते ओळखत नसतात. म्हणून मॅरेथॉननंतर पंधरा दिवसांत त्या प्रत्येकाला आपल्या कामाचं एक पानी पत्र गेलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

८०जीची लालूच फार दाखवू नका. ज्याने नवी करप्रणाली घेतली त्या पगारदाराला ती वजावट मिळतच नाही, आणि रोख देणगी २,००० रुपयांवर असेल तर कुणालाच मिळत नाही. पावतीसाठी नाव, पत्ता, पॅन पैसे घेतानाच घ्या. ३१ मेपर्यंत १०बीडी (देणग्यांचं विवरणपत्र) भरायचा आणि दात्याला १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) द्यायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. एप्रिलमध्ये तीनशे दात्यांना पॅनसाठी फोन लावत बसणं टाळता येतं. गणेशोत्सवातल्या मंडपात दानपेटी ठेवली तर नाव-पत्त्याशिवायच्या रकमेवर लक्ष असू द्या: एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी जास्त, तिच्यावरच्या भागाला ३० टक्के कर लागतो. मंडळाकडून पैशांऐवजी जागा, मांडव आणि ध्वनिक्षेपक मागा. ते आनंदाने देतात आणि शिबिराचा निम्मा खर्च वाचतो.

अनुदान संपताना

शेवटचे तीन महिने उरले की रजिस्टर उघडा आणि समाप्तीच्या तारखेला ज्या बाया गरोदर असतील किंवा ज्यांच्या बाळांची नऊ महिन्यांची लस बाकी असेल, त्यांची यादी काढा. नाव, दोन्ही फोन नंबर, आरसीएच क्रमांक, कुठल्या प्रसूतिगृहात नाव घातलंय, शेवटचं हिमोग्लोबिन, पुढची तारीख. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, रक्तदाब वाढलेला, आधीचं सिझेरियन, अशा जोखमीच्या बाया लाल शाईने. दोन प्रती करा. एक हेल्थ पोस्टच्या आरोग्यसेविकेकडे, तिची सही आणि तारीख घेऊन. दुसरी संस्थेच्या कपाटात, कुलूपबंद. नावं काढून टाकलेला गोषवारा अंतिम अहवालाला जोडा, आणि त्याच गोषवाऱ्याखाली या बायांपैकी किती जणींना पुढचे सहा महिने मोकळ्या पैशातून फोन जातील आणि त्याला किती खर्च येईल तो आकडा लिहा. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावाचं पहिलं पान तिथूनच सुरू करा.